चूल, धूर आणि धुराडे

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि तहनामे येतात. वऱ्हाडापुरते बोलायचे तर अचलपूरची इमादशाही, १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतलेला गाविलगड, १८५३ च्या तहाने निजामाकडून कंपनी सरकारच्या कारभारात गेलेला आपला मुलूख, हे सारे आपण शाळेत घोकले. परंतु या सर्व उलथापालथींत एक गोष्ट रोज नेमाने घडत होती. पहाटे कोंबड्याच्या आधी उठून कोणीतरी स्त्री चुलीपुढे बसत होती, फुंकणीने विस्तव फुलवीत होती आणि पदराने डोळे पुशीत होती. राज्ये बदलली तरी त्या धुरात फरक पडला नाही. संपादिकाबाईंनी यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा असे सांगितले, तेव्हा ज्या इतिहासाची एक साक्षीदार मी स्वतः आहे, तोच लिहावा असे मनाशी ठरविले. तो इतिहास म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातून धूर बाहेर काढण्याच्या खटपटीचा. ही खटपट सुमारे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि ती अजून पुरी झालेली नाही.

माझे माहेर दर्यापूरकडचे, सासर अकोल्याकडचे. दोन्हीकडची घरे धाब्याची. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी कड्या-पाट्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात अशा घरात गारवा असे खरा, परंतु खिडक्या मुळीच नसत, आणि असल्या तरी हातभर लहान. स्वयंपाकघर नेहमी घराच्या पोटात, अंधाऱ्या कोपऱ्यात. तेथे एक चूल, तिला जोडून वैल, शेजारी पाण्याची उतरंड. छपराला एखादे भोक ठेवलेले असे, पण पावसाळ्यात त्यावर मडके पालथे पडे, आणि मग चार महिने धूर घरातच कोंडून राही. जळण म्हणावे तर पऱ्हाटी, तुराट्या, ज्वारीची धसकटे आणि गोवऱ्या. सागाची किंवा बाभळीची चांगली मोळी ही सणासुदीची चैन. पऱ्हाटी भुरकन पेटते आणि भुरकन विझते. तिला सारखी पुढे सारावी लागते, म्हणून बाईला चुलीपासून हलता येत नाही. गोवरीचे उलट. ती धुमसत राहते आणि धूर करते. पावसात भिजलेले जळण असले म्हणजे काय होई ते ज्यांनी सोसले त्यांनाच ठाऊक.

घरोघरी मातीच्या चुली, अशी म्हण आपण संसारातल्या कुरबुरींबद्दल वापरतो. ती तितकीच शब्दशः खरी होती, हे आता विसरायला झाले आहे. आमच्या आजीचे डोळे बारा महिने लाल असत. खोकला तर घरातल्या सगळ्याच वडीलधाऱ्या बायकांना. पुरुष खोकला तर वैद्याकडे जाई. बाई खोकली तर तिला वय झाले असे म्हणत. आंधळेपण आले की ते नशिबाचे. या साऱ्याचे मूळ समोरच्या तीन दगडांत आहे असे कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. धूर हा जणू अन्नाचाच एक भाग होता.

याच वऱ्हाडात धूर उंच वाहून नेण्याची विद्या कोणाला ठाऊक नव्हती असे मात्र नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, आपल्या कापसाला एकाएकी भाव आला. १८६७ पर्यंत आगगाडी अकोला, बडनेरा करीत नागपुरास पोचली, आणि मग अकोला, अमरावती, खामगाव, कारंजा अशा गावी सरकी काढण्याचे व गठाणी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. ते वाफेवर चालत. प्रत्येक बाष्पयंत्राला विटांचे उंच धुराडे असे. लांबून गाव ओळखायचे ते या धुराड्यांवरून. कापसाच्या हंगामात जिनावर शेकडो बायका कामाला जात. दिवसभर त्या ज्या यंत्रापुढे राबत, त्या यंत्राचा धूर आभाळात जाई. आणि संध्याकाळी घरी येऊन त्या ज्या चुलीपुढे बसत, तिचा धूर त्यांच्या छातीत जाई. यंत्राला धुराडे हवे कारण धुराड्यावाचून भट्टी ओढ घेत नाही आणि वाफ होत नाही, म्हणजे मालकाचे नुकसान होते. बाईला धुराडे नसले तर कोणाचे काय नुकसान होत होते? हिशेबाच्या वहीत ते कोठेच मांडले जात नव्हते.

कायद्याचीही हीच तऱ्हा. कारखान्यांच्या धुरामुळे शहरे काळवंडतात म्हणून कलकत्त्यासाठी १९०५ साली आणि मुंबईसाठी १९१२ साली धूर-उपद्रवाचे कायदे झाले. १९२३ साली बॉयलरांचा कायदा होऊन त्यांच्या तपासणीची देशभर एकसारखी व्यवस्था झाली. घरातल्या चुलीला कधी इन्स्पेक्टर आला नाही. यावा असे मी म्हणत नाही. पण ज्या धुराची पर्वा करायची तो कोणता, हे कोण ठरवीत होते, एवढे यावरून दिसते.

या गोष्टीकडे आपल्या भागात पहिल्यांदा गंभीरपणे कोणी पाहिले असेल, तर ते वर्ध्याच्या मगनवाडीने. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालालजी बजाजांनी त्यासाठी आपली बाग व इमारत दिली, आणि १९२८ साली वारलेल्या मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव पडले. १९३६ च्या एप्रिलअखेर शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, जाण्यापूर्वी गांधीजी येथेच राहात. अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा संघाचे काम पाहात. १९३८ साली येथे मगन संग्रहालय उघडले. तेलघाणी, हातकागद, मधमाशा, वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप, अशा प्रयोगांच्या मालिकेतच मगन चूल जन्मास आली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास तिचा प्रचार सुरू झाला. मोठमोठे नेते मीठ आणि चरखा यांच्याबरोबर चुलीचाही विचार करतात, ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती.

ही चूल कशी असते ते आजच्या मुलींना ठाऊक नसेल म्हणून थोडक्यात सांगते. साधी चूल तिन्ही बाजूंनी उघडी. मगन चूल बंद. मातीचा एक लांबट ओटा, त्याच्या पोटातून बोगदा, वर भांड्यांसाठी दोन किंवा तीन भोके, पुढे जळण घालण्यास लहान तोंड आणि मागे धुराडे. पहिल्या भांड्याखाली जाळ, दुसऱ्याखाली त्याची धग, तिसऱ्यावर आंघोळीचे पाणी. उरलेला धूर धुराड्यातून छपराबाहेर. सारी करामत धुराड्याची. तापलेली हवा फुगते आणि हलकी होते, म्हणून ती नळातून वर चढते. तिची जागा घेण्यास चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते. नळ जितका उंच आणि आतली हवा जितकी गरम, तितकी ओढ अधिक. भांडी भोकांवर नीट बसली नाहीत, तर मात्र ही ओढ फुकट जाते आणि धूर पुन्हा घरात येतो.

१९५३ साली हैदराबादच्या इंजिनिअरिंग संशोधन प्रयोगशाळेचे डॉ. एस. पी. राजू यांनी धूरविरहित स्वयंपाकघरावर एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले आणि काटकोनात वळणारी, तीन भोकांची व झडपा असलेली चूल सुचविली. त्याच सुमारास, म्हणजे २ ऑक्टोबर १९५२ पासून, देशात सामूहिक विकास योजना सुरू झाल्या होत्या. त्यांच्यामार्फत गावोगाव ग्रामसेविका फिरू लागल्या, महिला मंडळे निघाली, आणि शिवण, बालसंगोपन व शोषखड्डा यांच्या जोडीला बिनधुराची चूलही शिकवली जाऊ लागली. वऱ्हाडातली जमीन या कामास अनुकूल होती. गाडगेबाबांनी खराटा हाती घेऊन आणि तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून गावसफाईचा मंत्र घरोघर पोचविला होता. गाव स्वच्छ करायचे तर घर का नको, हे बायकांना पटण्याजोगे होते.

आमच्या गावी अशी पहिली चूल झाली तेव्हा मी आठ-दहा वर्षांची असेन. चूल घालणे हे बायकांचे काम. काळी माती, शेण, गव्हाचा भुसा तुडवून आमच्या काकूने ती एका दिवसात उभी केली. अडचण आली ती धुराड्याची. नुसत्या मातीचे धुराडे बाहेरून कितीही सारवले तरी आतून खडबडीत राहते. खडबडीत भिंतीला काजळी धरते, उष्णतेने मातीला भेगा जातात, आणि त्या भेगांतून धूर झिरपून घरात येतो. कड्यापाट्यांजवळ अशी भेग पडली तर आग लागण्याचे भय निराळेच. यावर उपाय एकच. रजईला जसे अस्तर, तसे धुराड्याला आतून भाजलेल्या नळाचे अस्तर. मग बाहेरची माती आधार देते आणि आतला नळ धूर नेतो.

नळ केले गावच्या कुंभाराने, हातभर लांबीचे, एका बाजूस रुंद, दुसऱ्या बाजूस निमुळते. त्याने ते एकावर एक रचले ते कवेलूच्या सवयीने, म्हणजे वरच्याचे रुंद तोंड खालच्यावर झाकण घालील असे. कवेलूवर पाऊस बाहेरून पडतो, म्हणून तेथे हे बरोबर. परंतु धुराड्यात ओल आतून येते. ओल्या जळणाचा धूर वर जाता जाता निवतो आणि राळेसारखा चिकट काळा रस आतल्या अंगाने खाली ओघळतो. कुंभाराच्या मांडणीत तो प्रत्येक सांध्यातून बाहेर पाझरू लागला आणि काकूच्या सारवलेल्या भिंतीवर काळे ओघळ उमटले. ग्रामसेविकाबाईंनी येऊन सगळे नळ उतरवले आणि उलटे बसविले. वरच्याचे निमुळते तोंड खालच्याच्या रुंद तोंडात. मग रस आतच राहिला, खाली उतरला, आणि बुडाशी ठेवलेल्या लहानशा खिडकीतून राखेबरोबर काढता येऊ लागला. पुढे कित्येक वर्षांनी परदेशी लाकडी शेगड्यांच्या नळांबद्दल वाचले, तेव्हा तेथेही हाच नियम सांगितलेला दिसला. नळ मातीचा असो की पोलादाचा, ओल आतून येते हे ध्यानात ठेवायचे.

छपरातून नळ काढणे हे दुसरे दिव्य. कडीला लागून नळ न्यायचा नाही. सभोवार वीतभर जागा सोडून ती दगड-मातीने भरायची. छप्पर गवताचे असेल तर तेथे पत्र्याचा रुंद तुकडा बसवायचा. नळाचे तोंड छपराच्या सर्वांत उंच भागापेक्षाही दोन-तीन फूट वर हवे, नाहीतर वारा छपरावर आपटून धूर उलटा आत लोटतो. वर पत्र्याची टोपी, पण तोंडापासून चार बोटे उंच. हे सर्व केले तर चूल खरोखर धूर ओढते. आमच्या घरात पहिल्या दिवशी जाळ पेटला आणि धूर छपरावर निघाला, तेव्हा शेजारपाजारच्या बायका अंगणात उभ्या राहून वर पाहात होत्या. जिनाचे धुराडे त्यांनी जन्मभर पाहिले होते. घराचे पहिल्यांदाच पाहिले.

इतकी सोयीची वस्तू, तर मग ती घरोघर का टिकली नाही? हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे छळीत आला. बायका अडाणी, जुन्याला चिकटून बसणाऱ्या, असे उत्तर सभांतून ऐकू येई. मला ते कधी पटले नाही, कारण त्या बायकांचे म्हणणे मी कानांनी ऐकले होते. एक म्हातारी म्हणे, "चूल लय मजेची हाय वं बाई, पण मले भाकर शेकाले जागा कोठी हाय?" म्हातारीचे बरोबर होते. भाकरी तव्यावरून उतरली की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यापुढे उभी करून शेकायची असते. बंद चुलीच्या लहान तोंडाशी ती जमत नाही. दुसरीचे म्हणणे असे की पऱ्हाटी कोण मोडीत बसणार? लांब काटक्या त्या तोंडात जात नाहीत, आणि शेतातून दमून आलेल्या बाईने आधी जळणाचे तुकडे करायचे आणि मग स्वयंपाक. तिसरी म्हणे, उघड्या चुलीचा उजेड तरी पडत होता. वीज नाही, रॉकेल महाग, आता अंधारात कालवण कसे ढवळू? चौथीने सांगितले की धूर लागत होता म्हणून कड्यांना वाळवी नव्हती आणि चुलीवर टांगलेली बियाण्याची कणसे किडत नव्हती. यांतले एकही कारण अडाणीपणाचे नाही. चूल हीच त्या घरातली भट्टी, तोच दिवा, तीच शेकोटी आणि तेच धान्याचे औषध होते. नव्या चुलीने एक दुखणे घालविताना चार कामे सोडून दिली, आणि ती चार कामे मोजायला कोणी बाईला विचारले नव्हते.

दुखणे किती भारी आहे, हेही तेव्हा कोणाला पुरते माहीत नव्हते. १९५९ साली दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पद्मावती यांनी आपल्या सहकाऱ्याबरोबर एक अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसे निकामी होऊन त्यामुळे हृदय खचते असा जो विकार, तो अन्य देशांत मुख्यतः विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा समजला जाई. त्यांना मात्र तो स्त्रियांतही पुरुषांइतकाच आढळला, आणि तोही लहान वयात; त्या स्त्रिया बहुधा धूम्रपान करणाऱ्या नव्हत्या. संशय गेला तो स्वयंपाकाच्या धुरावर. पुढे १९८० नंतरच्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या श्वासाच्या हवेतील धूर उपकरणांनी मोजला, तेव्हा तो मोठ्या शहरांच्या हवेपेक्षाही कितीतरी दाट निघाला. आज जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की घरातल्या धुराने २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली. माझ्या आजीचे वय झाले होते असे आम्ही म्हणत होतो, त्याचा अर्थ मला हे आकडे वाचल्यावर कळला.

दुसरी मोठी मोहीम निघाली ती १९८३ च्या डिसेंबरात, राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम या नावाने. तिच्या मुळाशी जंगलाची काळजी मोठी होती. १९७३ चे चिपको आंदोलन होऊन गेले होते. त्याच वर्षी देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आपल्या मेळघाटची निवड झाली होती. लाकूड वाचवा, ही घोषणा सर्वत्र होती. चुली अनुदानावर मिळू लागल्या, आणि मंडळांच्या मार्फत त्या आमच्याही गावांत आल्या. कुंभाराच्या नळांच्या जागी आता ॲस्बेस्टॉस सिमेंटचे तयार नळ होते. हलके, सरळ, स्वस्त. त्या तंतूंची धूळ छातीत गेल्यास कर्करोग होतो ही माहिती तेव्हा खेड्यापर्यंत आलीच नव्हती. गवंडी ते करवतीने कापीत आणि पोरे त्या पांढऱ्या धुळीत खेळत. आज असे जुने नळ कोणाकडे असतील तर ते कापू नयेत, फोडू नयेत, घासू नयेत, एवढे मी येथे आवर्जून लिहून ठेवते.

या मोहिमेतली एक चूक मात्र मी प्रत्यक्ष पाहिली. एका गावी ठेक्याने आलेल्या गवंड्याने दोन दिवसांत वीस चुली घातल्या. हजेरी झाली, फोटो झाला, गवंडी गेला. काजळी कधी व कशी काढायची हे एकाही घरी सांगितलेले नव्हते. चार महिन्यांत नळ तुंबले आणि धूर घरात आला. एका बाईने शेवटी नळ काढून तो मोरीच्या पाण्याला लावला आणि धुराड्याच्या जागी चिंधी कोंबली. तिला नावे ठेवणे सोपे आहे. परंतु धुराडे ही एकदा लावून विसरायची वस्तू नव्हे, ती विहिरीसारखी उपसावी लागते, हे तिला कोणी सांगितले होते? विलायतेत धुराडी साफ करण्याकरता पाच-सहा वर्षांची मुले आत चढवीत. ते बंद करण्यास १७८८ पासून १८७५ पर्यंत कायद्यांमागून कायदे करावे लागले. काजळी कोण काढणार, हा प्रश्न सर्व देशांत धुराड्याइतकाच जुना आहे.

याच्या उलट उदाहरणही आहे आणि ते सांगितल्यावाचून हा लेख अपुरा राहील. चंदीगडजवळच्या नाडा गावी १९८० च्या सुमारास मधू सरीन या वास्तुशास्त्रज्ञ बाईंनी गावातल्या स्त्रियांबरोबर बसून चूल बसविली. भांडी कोणती, जळण कोणते, रोटी कोठे फुलवायची, हे त्या स्त्रियांनी सांगायचे आणि त्याप्रमाणे चूल बदलायची. पुढे त्यांतल्याच स्त्रिया चूल-मिस्त्री झाल्या आणि मेहनताना घेऊन इतर गावांत चुली घालू लागल्या. चूल घालणारी गावातच राहात असली म्हणजे नळ तुंबल्यावर तिला हाक मारता येते. पुण्याच्या आरती या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेनेही पुढे साच्यांच्या साह्याने चुली करण्याचे शिक्षण कुंभारांना व खेड्यातील उद्योजकांना देऊन तीच दिशा धरली.

२००२ साली केंद्राने राष्ट्रीय कार्यक्रम थांबविला. तोपर्यंत सुमारे साडेतीन कोटी चुली वाटून झाल्या होत्या. त्यांतल्या किती पेटत होत्या हा निराळा प्रश्न. ओडिशात अडीच हजारांवर कुटुंबांत काही वर्षे चाललेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी स्त्रियांच्या छातीत जाणारा धूर कमी झालेला दिसला. पुढे तो फरक नाहीसा झाला, कारण चुलींची दुरुस्ती व सफाई झाली नाही आणि हळूहळू त्या वापरातून गेल्या. आमच्या गावात जे घडले त्याचीच ती मोठी आवृत्ती.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि चित्र खरोखर पालटले. ८ कोटींवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच राज्यात, औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) महिला मेळाव्यात देण्यात आली. गॅसच्या निळ्या ज्योतीपुढे कोणत्याही धुराड्याची मातब्बरी नाही, हे मी मोकळेपणाने कबूल करते. परंतु २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे ५९ टक्केच घरे स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी निघाली. खेड्यांत तर ४३ टक्के. आपल्या भागातले चित्रही डोळ्यांपुढे आहे. शेगडी फळीवर, सिलिंडर कोपऱ्यात आणि चूल मागच्या पडवीत. चहा गॅसवर होतो; भाकरी, आंघोळीचे पाणी आणि ढोरांची आंबोण चुलीवर. पऱ्हाटी शेतातून फुकट येते आणि सिलिंडराला रोख पैसे पडतात, हा हिशेब मजुरी करणाऱ्या बाईला कोणी शिकवावा लागत नाही. त्यातच २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस खाल्ला, तेव्हापासून पऱ्हाटीच्या गंज्या रचून ठेवू नका असे कृषितज्ज्ञ बजावून सांगतात, कारण अळी तीत दडून राहते. म्हणजे जळणाचा प्रश्न स्वयंपाकघरापासून थेट शेतापर्यंत गुंतलेला आहे.

म्हणून भगिनींनो, चुलीचा इतिहास संपला असे समजून आपण हात झटकू नयेत. जेथे गॅस परवडतो तेथे त्याचा आग्रह धरावा. जेथे चूल पेटतेच आहे, तेथे ती धुराड्यासह पेटावी. आज पत्र्याचे वा न गंजणाऱ्या पोलादाचे नळ तालुक्याच्या बाजारात करून मिळतात. रुंदी चार इंचांच्या आसपास, तोंड छपराच्या वर, निमुळती बाजू खाली, बुडाशी सफाईची खिडकी, आणि महिन्यातून एकदा, पावसाळ्यात दोनदा, काठीला चिंध्या बांधून नळ झाडणे. इतके पाळले तर पुरे. चूल घालण्याआधी त्या घरातल्या बाईला तीन गोष्टी विचाराव्यात: भाकरी कोठे शेकता, जळण कोणते, आणि नळ कोण झाडणार. हे तीन प्रश्न सरकारी तक्त्यात बसले नाहीत, म्हणून साडेतीन कोटी चुलींचे काय झाले ते आपण पाहिले. महिला मंडळाला ते विचारता येतात, कारण आपण त्याच घरांतल्या आहोत.

कारखान्यांची उंच धुराडी आता वऱ्हाडात बहुतेक थंड झाली आहेत; यंत्रे विजेवर गेली. त्यांच्या मालकांची नावे गॅझेटियरात सापडतात. ज्या बायकांनी पहिल्यांदा आपल्या हातांनी माती तुडवून घरातला धूर छपरावर नेला, त्यांची नावे कोठेही नाहीत. आपल्या गावातल्या अशा बायका अजून हयात असतील तर त्यांच्याकडून ते काम समजून घ्यावे आणि मंडळाच्या दप्तरात लिहून ठेवावे. पुढच्या स्मरणिकेत त्यांची नावे छापून आली, तर या लेखाचा हेतू सफल झाला असे मी समजेन.